तीन दप्तरे, एक सुलतान : 'हिंसक इस्लाम' या प्रतिमेची दाक्षिणात्य घडण

बंगळूरच्या दक्षिणेकडील बनशंकरी या भागाला ज्या देवीचे नाव लाभले आहे, तिचे मूळ ठाणे बदामीजवळ आहे. महाराष्ट्रातील अनेक कुळांची ती कुलस्वामिनी होय. १७८६ मध्ये याच बदामीचा किल्ला पेशवे व निजाम यांच्या संयुक्त फौजांनी टिपू सुलतानाकडून जिंकून घेतला. मार्च १७९१ मध्ये लॉर्ड कॉर्नवॉलिसने बनशंकरीपासून काही किलोमीटरांवर असलेला बंगळूरचा किल्ला काबीज केला, तेव्हा इंग्रज, निजाम आणि मराठे एका पक्षात होते. या युद्धांतील पक्ष धर्मानुसार पडलेले नव्हते, हे उघड आहे. तरीही त्यांची जी स्मृती आज प्रचलित आहे, तिच्यात टिपू प्रायः 'धर्मवेडा जुलमी' किंवा त्या प्रतिमेला उत्तर म्हणून रचलेला 'निष्कलंक राष्ट्रवीर' एवढ्या दोनच रूपांत वावरतो. आधुनिक संस्कृतीत इस्लामचे नाव हिंसेशी वारंवार का जोडले जाते, या व्यापक प्रश्नाचा एक धागा या स्थित्यंतरात सापडतो.

या प्रश्नाची जी उत्तरे विसाव्या शतकाच्या अखेरीस पुढे आली, ती स्थूलमानाने दोन प्रकारची आहेत. बर्नार्ड लुईस यांचा १९९० मधील लेख आणि सॅम्युएल हंटिंग्टन यांचा १९९३ मधील संस्कृतिसंघर्षाचा सिद्धान्त यांनी संघर्षाचे मूळ संस्कृतींच्या स्वरूपात शोधले. एडवर्ड सैद यांनी १९७८ व १९८१ मधील ग्रंथांतून ते पाश्चात्त्य ज्ञानव्यवहारात आणि वृत्तमाध्यमांत दाखवून दिले. ११ सप्टेंबर २००१ नंतर पहिल्या मांडणीला मोठा लोकमान्य आधार मिळाला. मात्र दोन्ही मांडण्यांत एक गोष्ट मागे राहते : एखाद्या हिंस्र घटनेची नोंद कोणत्या भाषेत झाली, ती छापली केव्हा गेली आणि तिच्यात कर्ता म्हणून कोणाला उभे केले गेले. टिपूच्या बाबतीत हा तपास तीन दप्तरांच्या साहाय्याने करता येतो.

पहिले दप्तर फारसीचे. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले आणि राजवाड्यातील कागद कंपनीच्या हाती आले. त्यांपैकी काही पत्रांचे विल्यम कर्कपॅट्रिकने केलेले इंग्रजी भाषांतर १८११ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. 'निवडक पत्रे' असे त्या ग्रंथाच्या नावातच म्हटले होते, पण वाचकांनी ती निवड म्हणजेच संपूर्ण टिपू मानला. त्याआधीच, १८०० मध्ये, रॉबर्ट कर पोर्टरने रंगवलेले श्रीरंगपट्टणच्या हल्ल्याचे भव्य चित्र लंडनमध्ये प्रदर्शित झाले होते; १८०८ पासून गोऱ्या माणसावर झेपावलेला टिपूचा लाकडी यांत्रिक वाघ कंपनीच्या मुख्यालयात लोकांना पाहायला मिळू लागला. १८६८ मध्ये विल्की कॉलिन्सने आपल्या 'द मूनस्टोन' या कादंबरीचा आरंभ याच वेढ्यापासून केला. कंपनीच्या दृष्टीने टिपू हा फ्रेंचांशी संधान बांधणारा प्रबळ राजकीय प्रतिस्पर्धी होता. चित्र, वस्तू आणि कथा यांच्या या परंपरेत मात्र राजकारण पुसट होत गेले आणि धर्मवेड ठळक होत गेले.

दुसरे दप्तर कन्नडचे. एप्रिल १७९१ मध्ये मराठ्यांच्या स्वारांनी शृंगेरीचा मठ लुटला, माणसे मारली आणि शारदेची मूर्ती स्थानभ्रष्ट केली. त्यानंतर टिपूने शंकराचार्यांना कन्नडमध्ये पत्रे लिहिली, पुनःप्रतिष्ठेसाठी द्रव्य व सामग्री देवविली आणि शत्रूंच्या नाशासाठी सहस्रचंडी जपाची विनंती केली. म्हैसूर संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे संचालक आर. नरसिंहाचार यांनी हा पत्रव्यवहार १९१६ मध्ये उजेडात आणला. कर्कपॅट्रिकचा ग्रंथ आणि हा शोध यांत १०५ वर्षांचे अंतर आहे, आणि तेवढ्या काळात प्रतिमा घट्ट होऊन गेली होती.

तिसरे दप्तर मराठीचे. पेशवाईच्या कागदांत टिपूचा पिता 'हैदर नाईक' म्हणून वावरतो. त्याची ओळख तेथे लष्करी पदावरून होते. शत्रूच्या धर्माची जाणीव या कागदांत नाही असे नव्हे. 'यवन', 'अविंध' हे शब्द त्या काळच्या मराठीत रूढच होते आणि ते नेहमी निरुपद्रवी नव्हते. परंतु तह, खंडणी आणि मुलूख यांच्या हिशेबात धर्म हा एकमेव निकष होत नाही. शृंगेरीच्या लुटीविषयी मराठी बाजूचा युक्तिवाद विशेष लक्षणीय आहे : दोष फौजेबरोबरच्या लमाण व पेंढाऱ्यांवर ठेवला जातो. ती लूट 'हिंदू धर्माने' केली असे कोणी म्हणत नाही, आणि तसे म्हणणे योग्यही ठरणार नाही.

येथेच मूळ प्रश्नाची उकल आहे. शृंगेरीच्या वाक्यात कर्ता आहे एक टोळी आणि कारण आहे लोभ. कोडगू, मलबार व मंगळूर येथील टिपूच्या कृत्यांविषयीच्या वाक्यात मात्र कर्त्याच्या जागी 'इस्लाम' येऊन बसतो. ती कृत्ये खरी होती. १७८४ मध्ये मंगळूर परिसरातील ख्रिस्ती समाजाला पकडून श्रीरंगपट्टणला नेण्यात आले. कोडगू लोकांचे स्थलांतर आणि मलबारातील सक्तीची धर्मांतरे यांचे दाखले आहेत. आपल्या सत्तेला टिपूने इस्लामी परिभाषेत मान्यता मिळविली आणि ऑटोमन दरबारी वकीलही पाठविले. शृंगेरीची पत्रे दाखवून हे सारे झाकता येत नाही. पीडितांच्या वंशजांची स्मृती ही काही वसाहतवादाची निर्मिती नव्हे. परंतु ज्या राजाने मलबारात धर्मांतरे लादली, त्यानेच शारदेच्या प्रतिष्ठेसाठी द्रव्य दिले. त्याच्या धर्मातूनच सारे काही उलगडायचे असेल, तर दुसरी घटना अनाकलनीय ठरते; बंडखोर वा सीमावर्ती प्रदेश आणि अंकित प्रदेश यांच्याशी राज्यसत्तेने केलेला भिन्न व्यवहार म्हणून पाहिले, तर दोन्हींचा उलगडा होतो. पीडितांचे दुःखही त्यामुळे उणावत नाही. केवळ जबाबदारी योग्य ठिकाणी जाते.

हा भेद ग्रंथालयापुरता उरलेला नाही. कर्नाटक सरकारने २०१५ मध्ये टिपू जयंती अधिकृतपणे साजरी करण्यास आरंभ केला, तेव्हा मडिकेरीत उसळलेल्या दंगलीत प्राणहानी झाली. २०१९ मध्ये पुढील सरकारने तो उत्सव रद्द केला. दोन्ही पक्षांनी एका राजाला संपूर्ण समाजाचा प्रतिनिधी मानले. त्यामुळे अठराव्या शतकातील कृत्यांचा जाब आज बंगळूरमध्ये किंवा मडिकेरीत राहणाऱ्या, त्यांच्याशी काहीही संबंध नसलेल्या माणसांना विचारला जातो.

तौलनिक साहित्याभ्यासाचे काम येथे निश्चित होते. फारसी, कन्नड आणि मराठी ही तीन दप्तरे एकत्र वाचल्याने टिपू निर्दोष ठरत नाही, तसेच त्याच्या दोषाचे धनी त्याचे सर्वधर्मीय बांधवही ठरत नाहीत. बदामीच्या वेढ्यात टिपूविरुद्ध लढलेले निजामाचे शिपाई आणि शृंगेरी लुटणारे पेशव्यांच्या बाजूचे स्वार या दोघांनाही सामावून घेईल असा इतिहास कोणत्याही एका भाषेच्या दप्तरातून लिहिता येणार नाही.