किम यु-ना व तिच्या मागून आलेल्या

सन २०१४ च्या फेब्रुवारी महिन्यांत रशियांतील सोची या शहरीं हिवाळी ऑलिंपिक सामने भरले. त्या वेळीं स्त्रियांच्या फिगर स्केटिंगमध्यें तीस जणी उतरल्या होत्या व त्यांत दक्षिण कोरियाच्या तिघी होत्या. एक तेवीस वर्षांची. तिचें नांव जगाला ठाऊक होतें. उरलेल्या दोघी सोळा-सोळा वर्षांच्या मुली; त्यांचीं नांवें त्यांच्या देशाबाहेर फारशीं कोणी ऐकलेलीं नव्हतीं. लोकांचें लक्ष साहजिकच पहिलीकडे होतें. परंतु इतिहासाच्या दृष्टीनें पाहूं गेल्यास त्या दोन मुली तेथें कशा आल्या हाच प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो, आणि त्याचें उत्तर त्या तेवीस वर्षांच्या तरुणीच्या चरित्रांत आहे. तिचें नांव किम यु-ना. कोरियन रीतीप्रमाणें कुलनाम आधीं येतें; तेव्हां किम हें कुलनाम आणि यु-ना हें तिचें स्वतःचें नांव.

फिगर स्केटिंग ही क्रीडा आणि कला यांच्या सीमेवरील विद्या आहे. पोलादी पातें बसविलेले बूट घालून गुळगुळीत बर्फावर संगीताच्या तालावर विहार करावयाचा. मध्येंच वेगानें येऊन उडी घ्यावयाची, हवेंत तीन गिरक्या पुऱ्या करावयाच्या आणि एका पात्याच्या कडेवर तोल न जाऊं देतां उतरावयाचें. स्पर्धेच्या दोन फेऱ्या असतात, एक लहान व एक मोठी. दोहोंच्या गुणांच्या बेरजेवर निकाल लागतो. ही विद्या युरोप-अमेरिकेंत वाढली. आशिया खंडांतील पहिली जगज्जेती स्त्री १९८९ सालीं झाली, ती जपानची मिदोरी इतो. कोरियाला तर हिवाळी ऑलिंपिकमधील पहिलीं पदकें मिळालीं तींच मुळीं १९९२ सालीं, आणि तीं शर्यतीच्या स्केटिंगमध्यें. बर्फावर वेगानें धांवणारे वीर त्या देशानें पुष्कळ निर्माण केले. फिगर स्केटिंगमध्यें मात्र ऑलिंपिकचें एकही पदक त्याच्या नांवावर नव्हतें.

अशा देशांत, राजधानी सोलनजीकच्या बुचॉन येथें, ५ सप्टेंबर १९९० रोजीं यु-नाचा जन्म झाला. पांच-सहा वर्षांची असतां तिनें प्रथम बर्फावर पाऊल ठेविलें. खास या विद्येसाठीं राखलेलें मैदान देशांत नव्हतें. सार्वजनिक मैदानांवर लोकांची गर्दी ओसरली म्हणजे रात्रीं उशिरां, अथवा गर्दी होण्यापूर्वीं पहांटे, सराव करावयाचा. आई सदैव बरोबर असे. मुलीला नेण्याआणण्यापासून सरावाच्या देखरेखीपर्यंत सर्व भार तिनें उचलला. १९९८ सालीं जपानांतील नागानो येथील ऑलिंपिकमध्यें अमेरिकेची मिशेल क्वान हिचें कौशल्य या सात वर्षांच्या मुलीनें दूरचित्रवाणीवर पाहिलें आणि तिला आपला आदर्श मानलें. देशांत अनुकरण करण्याजोगें उदाहरण नव्हतें, म्हणून तिनें तें परक्या देशांतून घेतलें.

२००३ सालीं, वयाच्या बाराव्या वर्षीं, ती आपल्या देशाच्या राष्ट्रीय स्पर्धेंत पहिली आली. २००६ सालीं लुब्लियाना येथें तिनें कुमारांचें जागतिक अजिंक्यपद मिळविलें. कोरियाला तें पूर्वीं कधीं मिळालें नव्हतें. त्याच वर्षीं तुरिन येथें ऑलिंपिक झालें, परंतु वयाच्या अटीमुळें तिला तेथें जातां आलें नाहीं. पुढें ती कॅनडांतील टोरांटो शहरीं ब्रायन ऑर्सर या शिक्षकाकडे शिकूं लागली. पाठीच्या व कमरेच्या दुखण्यानें तिला वारंवार गांठलें. तशा स्थितींतही २००७ व २००८ च्या जागतिक स्पर्धांत ती तिसरी आली. २००९ सालीं लॉस एंजेलिस येथें ती जगज्जेती झाली, आणि नव्या गुणपद्धतींत दोनशें गुण ओलांडणारी पहिली स्त्री ठरली.

फेब्रुवारी २०१० मध्यें कॅनडांतील व्हँकूवर येथें तिची खरी कसोटी लागली. तिची मुख्य प्रतिस्पर्धी होती जपानची माओ असादा. तीही सप्टेंबर १९९० मध्येंच जन्मलेली, यु-नाहून अवघ्या वीस दिवसांनीं लहान. १९१० पासून १९४५ पर्यंत जपानच्या अमलाखालीं राहिलेल्या कोरियाला या सामन्यांत केवळ दोन मुली दिसत नव्हत्या. एवढें ओझें खांद्यावर घेऊन यु-ना बर्फावर उतरली व तिनें एकूण २२८.५६ गुण मिळविले. असादाला २०५.५० गुण पडले. कोरियाचें फिगर स्केटिंगमधील पहिलें ऑलिंपिक पदक आलें तें सोन्याचेंच.

एकोणीस वर्षांच्या वयांत सर्व कांहीं मिळाल्यावर पुढें काय करावें, हा प्रश्न तिच्यापुढें उभा राहिला. २०११ च्या जागतिक स्पर्धेंत दुसरी आल्यावर ती दीड वर्षाहून अधिक काळ स्पर्धांपासून दूर राहिली. २०१२ च्या जुलैंत मात्र तिनें सोचीपर्यंत खेळण्याचा निश्चय जाहीर केला. आपल्या मागून येणाऱ्या मुलींना ऑलिंपिकचा अनुभव मिळावा, ही इच्छाही तिनें बोलून दाखविली.

ही इच्छा सफळ होण्यास एकच वाट होती. ऑलिंपिकपूर्वींच्या जागतिक स्पर्धेंतील क्रमांकावर प्रत्येक देशाच्या जागा ठरतात. त्या वेळच्या नियमाप्रमाणें, ज्या देशाची एकच स्त्री उतरली असेल, ती पहिली वा दुसरी आली तर त्या देशाला तीन जागा मिळत, तिसरी ते दहावी आली तर दोन, त्याखालीं एक. मार्च २०१३ मध्यें कॅनडांतील लंडन या शहरीं कोरियातर्फें एकटी यु-नाच उतरली होती. ती पडली असती तर तिच्या बरोबर इतरांचीही वाट बंद झाली असती. ती २१८.३१ गुण मिळवून पहिली आली; दुसरीला वीसांहून अधिक गुण कमी पडले. सोचीला जाणारीं तिकिटें एकाचीं तीन झालीं.

सोची येथें त्या दोन मुली, पार्क सो-यन आणि किम हे-जिन, पहिली फेरी ओलांडून दुसरींत पोंचल्या. यु-नाला २१९.११ गुण पडले व रशियाची अदेलिना सोत्निकोवा २२४.५९ गुणांनीं पहिली आली. या निकालावर मोठें वादळ उठलें. कोरियानें रीतसर तक्रारही केली, ती पुढें फेटाळली गेली. यु-नानें स्वतः कसलेंही गाऱ्हाणें केलें नाहीं. निकाल स्वीकारून, त्याच वर्षीं मे महिन्यांत तिनें निवृत्ति घेतली.

९ फेब्रुवारी २०१८ रोजीं कोरियांतील प्यॉंगचांग येथें हिवाळी ऑलिंपिकचा प्रारंभ झाला. उत्तर व दक्षिण कोरियाच्या संयुक्त हॉकी संघांतील दोन खेळाडूंनीं, प्रत्येक बाजूची एक, मशाल पायऱ्या चढवून वर नेली. तेथें बर्फावर यु-ना उभी होती. तिनें ती घेऊन ज्योत पेटविली. पुढें २०२० सालीं यू यंग ही मुलगी युवक ऑलिंपिकमध्यें पहिली आली. व्हँकूवरचा विजय पाहून तिनें स्केटिंग सुरू केलें होतें. २०२३ सालीं जपानांतील साइतामा येथें जागतिक स्पर्धेंत ली हे-इन हिनें स्त्रियांमध्यें व चा जुन-ह्वान यानें पुरुषांमध्यें रौप्यपदक मिळविलें. व्हँकूवरच्या वेळीं ली हे-इन पुरी पांच वर्षांचीही नव्हती.

सोचीच्या रुपेरी पदकाबद्दल हळहळणाऱ्यांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. नागानो येथें मिशेल क्वान हिलाही सुवर्णपदक मिळालें नव्हतें. ती दुसरीच आली होती. तरी सोलनजीकच्या एका सात वर्षांच्या मुलीला तिच्याकडे पाहून वाट सांपडली. त्या मुलीला आदर्श समुद्रापलीकडून घ्यावा लागला. तिच्या मागून येणाऱ्यांना तो आतां घरांतच आहे.