कॅमेऱ्याआधीचे महिने

आमच्या विद्यार्थ्यांनी लघुपटासाठी विषय निवडला तो किशोरवयीन टोळ्यांचा. यात नवल नव्हते. पुण्यात २०२२-२३ पासून 'कोयता गँग' हा शब्द वृत्तपत्रांनी इतका वापरला की शहरातील पंधरा-सोळा वर्षांचा कोणताही मुलगा, विशेषतः तो वस्तीतला असेल तर, त्या शब्दाच्या सावलीत उभा राहू लागला. पटकथेचा पहिला खर्डा आमच्या हाती आला तेव्हा त्यावर ठळक अक्षरांत 'वास्तववादी' असे लिहिलेले होते. आत बारा मिनिटांत तीन खून, पावसातली एक मारामारी आणि संथ गतीने हवेत फिरणारा कोयता. नायकाला आई नाही, बाप दारुडा. संवाद सगळे हिंदी चित्रपटांतून ऐकून आलेले. तुमच्यापैकी कुणी अशा एखाद्या मुलाशी कधी बोलले आहे काय, असे आम्ही विचारले. कुणी बोलले नव्हते. खरे सांगायचे तर आम्हीही बोललो नव्हतो.

तेव्हा लिहिणे थांबवून, हा विषय पूर्वी ज्यांनी हाताळला त्यांनी कॅमेरा लावण्याआधी काय केले, हे पाहायचे आम्ही ठरवले. आपल्याकडील समीक्षा चित्रपटाच्या पडद्यावरील भागाविषयी पुष्कळ लिहिते. पडद्याआधीच्या महिन्यांविषयी फार थोडे लिहिते.

या इतिहासात मध्यभागी उभा आहे तो लुई बुन्युएल. स्पेनमधल्या यादवीने देशोधडीला लागलेला हा अतियथार्थवादी दिग्दर्शक १९४६ मध्ये मेक्सिकोत पोहोचला. लॉटरीची तिकिटे विकणाऱ्या एका पोराची हलकीफुलकी गोष्ट करावी, असा त्याचा विचार होता. निर्माता ओस्कार दान्सिगर्स याने त्यापेक्षा मेक्सिकोतल्या गरीब मुलांवर काही गंभीर करावे असे सुचवले. इटलीत दे सिकाचा 'शूशाइन' १९४६ मध्येच आला होता आणि दोघांनाही तो आवडलेला होता. पुढचे कित्येक महिने बुन्युएल मेक्सिको शहराच्या कडेच्या झोपडपट्ट्यांतून हिंडला, कधी सहलेखक लुईस आल्कोरिसाबरोबर, कधी नेपथ्यकाराबरोबर, कधी एकटाच. अंगावर जुनेपाने कपडे. तो पाहत असे, ऐकत असे, प्रश्न विचारत असे, ओळखी करून घेत असे. बालगुन्हेगारांच्या नोंदी त्याने वाचल्या. बारा वर्षांच्या एका मुलाचे प्रेत उकिरड्यावर सापडल्याची बातमी त्याच्या वाचनात आली आणि चित्रपटाचा शेवट तिथून आला.

'लोस ओल्विदादोस' (विसरलेली मुले) हा चित्रपट त्यानंतर अवघ्या एकवीस दिवसांत चित्रित झाला. हा हिशेब विद्यार्थ्यांनी नीट पाहावा असे आम्हांला वाटते, कारण आपल्याकडे तो बहुधा उलटा असतो. आठवड्याभरात पटकथा, मग कॅमेरा भाड्याने मिळेल तितके दिवस चित्रीकरण.

या महिन्यांतून पडद्यावर काय उतरले? सुधारगृहातून पळालेला हाइबो हा टोळीचा म्होरक्या. आपल्याला पकडून दिल्याच्या संशयावरून तो हुलिआन नावाच्या मुलाला मारतो. शस्त्र म्हणजे गळ्यात अडकवलेल्या झोळीत, दुखऱ्या हाताचे सोंग करून लपवलेला एक दगड. त्या खुनाचा साक्षीदार असलेला पेद्रो हा लहान मुलगा पुढे सुरे बनवणाऱ्याच्या दुकानात कामाला लागतो, प्रामाणिकपणे राबतो. हाइबो तिथून सुरा उचलतो आणि आळ येतो पेद्रोवर. सुरा आहे, पण त्याची शोभा नाही. तो एका मुलाची नोकरी घालवतो, एवढेच त्याचे काम. आमच्या खर्ड्यातला कोयता चकाकत होता. बुन्युएलच्या सुऱ्याला किंमत आहे आणि ती कुणीतरी चुकती करतो.

आणि आई. पेद्रो भुकेला घरी येतो आणि आई त्याला जेवायला देत नाही. हे दृश्य चालू असताना केशभूषा करणारी बाई काम सोडून निघून गेली. कोणतीही मेक्सिकन आई असे करणार नाही, हे तिचे म्हणणे. नोव्हेंबर १९५० मध्ये चित्रपट लागला आणि चारच दिवसांत उतरला. परक्याने येऊन देशाची बदनामी केली, याला हाकलून द्या, अशी मागणी झाली. पुढच्या वर्षी कान महोत्सवात कवी ओक्ताव्हिओ पाझ याने चित्रपटाची बाजू मांडणारा आपला लेख छापून वाटला, तेव्हा तो मेक्सिकोच्या परराष्ट्र सेवेत होता हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. बुन्युएलला दिग्दर्शनाचे पारितोषिक मिळाले, आणि मायदेशी तोच चित्रपट पुन्हा लागून कित्येक आठवडे चालला. २००३ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक स्मृतीच्या नोंदवहीत स्थान दिले.

टोळी दाखवली म्हणून लोक तितके चिडले नाहीत, आई दाखवली म्हणून चिडले. मराठी वाचकाला हे ओळखीचे वाटेल. भाऊ पाध्ये यांचा 'वासूनाका' १९६५ मध्ये आला तेव्हा मुंबईतल्या नाक्यावरची टवाळ पोरे काही नवी नव्हती. सर्वांनी ती पाहिलेली होती, दुरून. नवे होते ते त्यांच्यातल्याच एकाने, पोक्याने, त्यांच्या बोलीत सांगणे. आचार्य अत्रे यांनी पुस्तकावर कडाडून हल्ला चढवला. दुखले ते भाषेपाशी आणि नाक्यामागच्या घरांपाशी, आपल्याच चाळीतली बिऱ्हाडे आणि त्यांतली अब्रू उघडी पडली तिथे. टोळीचे वास्तव म्हणजे रस्त्याचे वास्तव, अशी सोयीस्कर समजूत आपण बाळगतो. आमच्या खर्ड्यातही नायकाला आई नव्हती, ती का नव्हती हे आम्हांला तेव्हा कळले. आई असती तर प्रत्येकाला आपल्या घरात पाहावे लागले असते.

बुन्युएल केवळ कागदोपत्री वास्तवावर थांबला नाही हेही सांगितले पाहिजे. पेद्रोच्या स्वप्नात आई कच्च्या मांसाचा तुकडा घेऊन त्याच्याकडे येते. उभ्या राहत असलेल्या इमारतीच्या सांगाड्यात शंभर वादकांचा वाद्यवृंद क्षणभर दिसावा, असेही त्याला हवे होते. निर्मात्याने नको म्हटले. (निर्मात्याचे चुकले असे आमचे मत, पण पैसे त्याचे होते.) महिनोन्महिने ऐकून घेतलेल्या माणसाला कल्पनेचा अधिकार मिळतो. न ऐकणाऱ्याची कल्पना इतरांच्या चित्रपटांतून उसनी येते.

इथवर प्रश्न कलेचा होता. ब्राझीलच्या 'पिशोते'पाशी तो निराळा होतो. एक्तोर बाबेंको याला सुधारगृहांवर माहितीपट करायचा होता. त्यासाठी दारे बंद झाली तेव्हा त्याने झोसे लौझेइरो यांच्या कादंबरीच्या आधाराने कथापट केला आणि साओ पाउलोच्या गरीब वस्त्यांतली मुले घेतली. नायक झाला फेर्नांदो रामोस दा सिल्वा, दियादेमा या उपनगरातला. आरंभी बाबेंको स्वतः कॅमेऱ्यासमोर येऊन त्या मुलाचे घर आणि कुटुंब दाखवतो. हे खरे आहे, याची ती ग्वाही. चित्रपट जगभर गाजला. फेर्नांदोला पुढे अभिनयात स्थिरावता आले नाही. ऑगस्ट १९८७ मध्ये साओ पाउलोच्या पोलिसांनी त्याला गोळ्या घालून मारले तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. १९९६ मध्ये त्याच्या मरणावर आणखी एक चित्रपट निघाला.

यात बाबेंकोचा दोष किती, हे ठरवणे आमचे काम नाही. पण 'पिशोते' आता त्या मृत्यूवाचून पाहता येत नाही.

पुढच्या पिढीने हे पाहिले असावे. मीरा नायर यांनी 'सलाम बॉम्बे!'साठी (१९८८) मुंबईच्या रस्त्यावरील मुलांची बॅरी जॉन यांच्यासह कार्यशाळा घेतली, आणि चित्रपटाच्या मागोमाग सलाम बालक ट्रस्ट उभा राहिला. तो आजही काम करतो. रिओमध्ये फेर्नांदो मेइरेलिस आणि कातिया लुंद यांनी 'सिटी ऑफ गॉड'साठी सुमारे दोन हजार मुलांच्या मुलाखती घेतल्या, त्यांतून दोनशेंच्या आसपास निवडली आणि कित्येक महिने त्यांच्याबरोबर काम केले. मूळ कादंबरीचे लेखक पाउलो लिन्स त्याच वस्तीत वाढलेले. मुलांच्या हाती संहिता दिली जात नसे. प्रसंग सांगायचा, शब्द त्यांचे. आणि लघुपट करणाऱ्यांनी विशेष लक्षात घ्यावे, मोठ्या चित्रपटाआधी त्यांनी २००० मध्ये 'पालास २' हा लघुपट केला, याच रीतीची तालीम म्हणून. इतके करूनही २००२ मध्ये चित्रपट आल्यावर त्याच वस्तीतला रॅप गायक एम. व्ही. बिल याने जाहीर तक्रार केली, की यातून वस्तीच्या वाट्याला कलंकाखेरीज काय आले. त्या तक्रारीला चित्रपटाच्या यशाने उत्तर मिळत नाही.

आमचा खर्डा आता बाजूला पडला आहे. त्याच्या जागी एक वही आहे. तिच्या पहिल्या पानावर कायदा लिहिला आहे : बाल न्याय अधिनियम, २०१५, कलम ७४. 'विधिसंघर्षग्रस्त बालक' या लांबलचक सरकारी शब्दाने ज्याचा उल्लेख होतो, त्या मुलाचे नाव, पत्ता, शाळा, छायाचित्र, ओळख पटेल असे काहीही छापता वा दाखवता येत नाही. म्हणजे निरीक्षणगृहात जाऊन आलेला मुलगा स्वतःच स्वतःची भूमिका करील, ही विद्यार्थ्यांची लाडकी कल्पना गेली. काहींना वाईट वाटले. फेर्नांदोची गोष्ट सांगितल्यावर कमी वाटले.

दुसऱ्या पानापासून नोंदी आहेत. वस्तीतल्या वाचनालयाच्या ओट्यावर दर शनिवारी बसायचे, ध्वनिमुद्रण करायचे नाही, असे ठरले. तीन शनिवार कुणी काही बोलले नाही. चौथ्या शनिवारी एकाने मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात मिळणाऱ्या पगाराविषयी सांगितले, सुमारे तासभर. टोळीचे नाव त्यात एकदाही आले नाही. विद्यार्थी हिरमुसले. आम्हांला मात्र सुरे बनवणाऱ्याच्या दुकानातला पेद्रो आठवला. पाचव्या शनिवारी त्याच मुलाने विचारले, फिल्म झाल्यावर आधी कुणाला दाखवणार? महाविद्यालयात, असे उत्तर विद्यार्थ्यांच्या तोंडून निघून गेले. तो काही बोलला नाही. सहाव्या शनिवारी तो आला नाही. सातव्याला आला तेव्हा विद्यार्थ्यांनी वहीत खाडाखोड करून पहिल्या खेळाची जागा बदलली होती, वाचनालयाचाच ओटा. ते त्याला वाचून दाखवले. आईला आणता येईल का, असे त्याने विचारले.