एकच माप

दुसऱ्याशी तुलना करू नये, असे घरच्या वडीलधाऱ्या बायका सांगत आल्या आहेत. शेजारणीच्या पाटल्या, जावेचे माहेर, दुसरीच्या मुलाचे गुण यांवर जिची नजर खिळली, तिला आपल्या घरचा घास गोड लागत नाही. हा अनुभव पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे व तो खराही आहे. परंतु तुलना ही सर्वस्वी वाईटच, असे धरून चालले तर वर्धा नदीपलीकडे वऱ्हाडात एका स्त्रीने १८८२ साली जे काम केले, त्याचा अर्थ लागणार नाही. तिने आपल्या पुस्तकाचे नावच मुळी 'स्त्रीपुरुष तुलना' असे ठेवले होते.

ही स्त्री म्हणजे बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत नोकरीस होते व जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे सभासद होते. मुलींना शिकविण्याची चाल नसलेल्या त्या काळात त्यांनी आपल्या लेकीला लिहावाचायला शिकविले. त्या विद्येचे तिने काय केले ते पाहण्यासारखे आहे.

१८८१ साली सुरतेस विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेवर खटला झाला. लोकलज्जेच्या भयाने तिने आपले नवजात मूल मारले, असा आरोप होता. तिला फाशीची शिक्षा सांगण्यात आली. ती पुढे अपिलात कमी झाली. या निमित्ताने वर्तमानपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीच्या नीतीवर तोंडसुख घेतले जाऊ लागले. जो पुरुष त्या प्रकरणात असणारच, त्याच्याकडे बोट दाखविण्याची तसदी फारशी कोणी घेतली नाही.

हे वाचून ताराबाईंनी लेखणी उचलली. त्यांची रीत अगदी साधी, एखाद्या गृहिणीने बाजारात दुकानदाराचे माप तपासून पाहावे तशी होती. स्त्रिया चंचल, कपटी, अविचारी, असे जे जे दोष पुरुषांनी लिहून ठेवले, ते एकेक घेऊन त्यांनी पुरुषांनाच लावून पाहिले. स्त्रिया निर्दोष आहेत असा त्यांचा दावा नव्हता. तेच दोष पुरुषांतही तितकेच, किंबहुना अधिक असताना एकालाच शिक्षा का, एवढेच त्यांचे विचारणे होते. नवरा वारला की बाईचे केस जातात, कुंकू जाते, शुभकार्यात तिचे तोंड दिसणे वर्ज्य होते. आणि बायको वारली की पुरुष लगोलग दुसरी करून आणतो. पत्नीमागे पुरुषाने मिशा उतरवून अरण्यात का जाऊ नये, असा त्यांचा रोखठोक सवाल होता.

पुस्तक पुण्यास छापले गेले. टीका झाली. जोतीरावांनी मात्र १८८५ साली 'सत्सार'च्या अंकात ताराबाईंचा पक्ष उचलून धरला. ताराबाईंचे दुसरे पुस्तक निघाले नाही. हे एकुलते एक पुस्तकही विस्मृतीत गेले. ते १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रसिद्ध केले, तेव्हा कोठे ते नव्या वाचकांच्या हाती आले.

पाटल्यांकडे पाहणारी आणि ताराबाई, दोघीही तुलनाच करतात. पहिली म्हणते, तिच्याजवळ आहे ते मला हवे. दुसरी म्हणते, तुमच्या-आमच्यासाठी माप एकच असू द्या. पहिलीचा शेवट मत्सरात होतो, दुसरीचा न्यायात.

काही गोष्टींना मात्र मापच लावू नये. आपल्या आष्टीचे नाव घेतले की चिमूरचे नाव जोडीने येते. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा तो दिवस दोन्ही गावांनी रक्ताने लिहिला. कोणाचे बलिदान मोठे, हा प्रश्न ज्या घरातला माणूस गेला त्या घरापुढे मांडवेल का? दोन्ही गावांच्या खटल्यांत फाशीच्या शिक्षा झालेल्यांचे प्राण वाचावेत म्हणून नागपूरच्या अनसूयाबाई काळे झटल्या. एका गावाचे दुःख दुसऱ्याच्या दुःखाशी तोलीत त्या बसल्या नाहीत.

भगिनींनो, आज पोथीच्या जागी हातात दूरध्वनी आला आहे आणि चार घरांऐवजी चारशे घरांचे वैभव त्यात दिसते. म्हणून ताराबाईंची रीत आज अधिकच उपयोगाची आहे. मात्र ते माप स्वतःच्या घरातही लावले पाहिजे. उशिरा घरी आलेल्या लेकाला आपण पाणी देतो आणि लेकीला जाब विचारतो. लेक माहेरी चार दिवस राहिली तर आनंद वाटतो, सून राहिली की दिवस मोजतो. हळदीकुंकवाला सवाशिणींना बोलावतो आणि विधवा शेजारणीच्या दारावरून पुढे जातो. मग पुरुषांच्या खोट्या मापाबद्दल बोलण्याचा अधिकार आपल्याला कोठून येणार? ज्या मंडळात कोणतीही बाई दाराबाहेर उभी राहत नाही, त्या मंडळाने ताराबाईंचे पुस्तक खऱ्या अर्थाने वाचले असे म्हणता येईल.