विलायती कॅमेऱ्याचे दप्तर

जुनी नाणी जमवणाऱ्याला आपण संग्राहक म्हणतो. जुने कॅमेरे जमवणाऱ्याला मात्र घरचेच लोक भंगारवाला म्हणतात! तरी माझे सांगणे असे, की दुसऱ्या महायुद्धानंतरचे विलायती कॅमेरे हे इतिहासाचे अस्सल साधन आहे.

आता असे पाहा. युद्धापूर्वी उत्तम कॅमेरा म्हणजे जर्मन, हे ठरूनच गेलेले होते. १९४५ साली इंग्लंड जिंकले खरे, पण तिजोरीत खडखडाट. परकीय चलन वाचवण्यासाठी सरकारने आयातीवर कडक बंधने घातली. मग चांगला कॅमेरा हवा तर तो घरीच करणे आले. पराभूत जर्मनांची पेटंटे जेत्यांना मोकळी झाली होती. विमानांची उपकरणे करणाऱ्या लेस्टरच्या रीड अँड सिग्रिस्ट कंपनीने लायकाच्या धर्तीवर ‘रीड’ कॅमेरा उभा केला. इल्फर्डचा ‘ॲडव्होकेट’ आला १९४९ साली, इनॅमलच्या ताटलीसारखा पांढराशुभ्र! सगळ्यांत गमतीचा १९५३ चा कॉरफील्डचा ‘पेरिफ्लेक्स’. त्यात पाणबुडीतल्यासारखी एक इवली दुर्बीण भिंगामागे उतरते. तिच्यातून पाहून चित्र रेखीव करायचे, आणि फोटो घेताना ती वर निघून जाते. गरजेपोटी माणूस काय काय युक्त्या काढतो! पुढे त्या दशकाच्या अखेरीस बंधने सैल झाली, जर्मन आणि जपानी माल आला, नि हा धंदा बसला तो बसलाच.

जळगाव-धुळ्याकडे असले महाग कॅमेरे हाती लागतील अशी आशा धरू नये. शोधायचेच तर एन्साइनचा ‘फुल-व्ह्यू’ किंवा कोडॅकची ‘ब्राउनी’ शोधावी. पोटाशी धरून वरच्या मोठ्या काचेत मान खाली घालून पाहायचे, की झाले. बाजारात यांना फारशी किंमत नाही. पण घरातली लग्ने-मुंजी टिपल्या त्या अशाच साध्या कॅमेऱ्यांनी. आपल्याकडेही परदेशी मालाची आयात अवघड होती, त्यामुळे एकदा घेतलेला कॅमेरा बापाकडून मुलाकडे जाई.

इथे मला राजवाड्यांची आठवण होते. इतिहासाचार्य १९२६ साली धुळ्यातच वारले. दुसऱ्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तिथे निघाले. दारोदार फिरून त्यांनी दप्तरे मिळवली. कागद कोणत्या घरचा हे कळले नाही, तर त्याचे निम्मे मोल गेले. कॅमेऱ्याचेही तसेच नाही का? नुसता कपाटात मांडलेला कॅमेरा मुका असतो.

याउलट चाळीसगावला केकी मूस यांचे घर पाहून या. १९१२ साली मुंबईत जन्मलेले, विलायतेत कला शिकलेले मूस तिथे परतले, ते १९८९ साली मरेपर्यंत घराबाहेर जवळजवळ पडलेच नाहीत. टेबलावर चार वस्तू मांडून ते असे फोटो घेत, की पाहणाऱ्याला खरेच दृश्य वाटावे. आज तिथे संग्रहालय आहे. ते घर आणि त्यांची कला एकाच जागी राहिली, हे आपल्या खानदेशाचे भाग्य.

तेव्हा एखादा जुना स्टुडिओ बंद होत असेल, तर कॅमेऱ्याआधी निगेटिव्हची खोकी मागा, गिऱ्हाइकांची वही मागा. म्हाताऱ्या मालकाशी तासभर बोला; कॅमेरा कधी घेतला, कुठून घेतला, ते लिहून घ्या. आणि घासूनपुसून चकचकीत करण्याची घाई नको. चामडी पाकिटाच्या झाकणाआड कधी कधी शाईने नाव-गाव लिहिलेले असते. ते आधी वहीत उतरवून घ्या.