रोगाला दिलेले नाव परत घेता येते का?

१/ रोगाला डॉक्टरचे नाव लाभणे हा वैद्यकातील मोठा बहुमान. पार्किन्सन, अल्झायमर ही नावे तर घरोघरी ठाऊक आहेत. परंतु ज्याचा असा गौरव झाला, त्याचेच हात रक्ताने माखलेले निघाले तर? 'रायटर सिंड्रोम' या नावाच्या उदयास्ताची ही कहाणी. थ्रेड.

२/ १९१६. पहिले महायुद्ध ऐन भरात होते. जर्मन लष्करी डॉक्टर हान्स रायटर याने एका तरुण लेफ्टनंटच्या आजाराची नोंद केली. हगवणीनंतर त्या रुग्णाचे सांधे सुजले, डोळे आले, मूत्रमार्गाचा दाह सुरू झाला. रायटरने याचे खापर मळसूत्री आकाराच्या एका जंतूवर फोडले. तो निष्कर्ष पुढे चुकीचा ठरला.

३/ शोधाचा पहिला मानही त्याचा नव्हता. त्याच वर्षी फ्रान्समध्ये फिसिंजे आणि लरॉय यांनी हीच लक्षणे वर्णिली होती. इंग्लंडचे बेंजामिन ब्रॉडी यांनी तर शतकभर आधी. तरीही १९४२ मध्ये अमेरिकेत वॉल्टर बाउअर व एफ्राइम एंगलमन यांनी आपल्या निबंधात रायटरचे नाव वापरले आणि इंग्रजी वैद्यकविश्वात तेच रुजले.

४/ त्या सुमारास रायटर कोठे होता? १९३२ मध्येच त्याने हिटलरशी निष्ठेची शपथ घेतली होती. १९३३ पासून तो नाझी राजवटीच्या आरोग्य कार्यालयाचा प्रमुख होता. 'वंशशुद्धी'साठी सक्तीच्या नसबंदीचा तो पुरस्कर्ता होता. बुखेनवाल्ड छळछावणीत बंदिवानांवर टायफसच्या लसीचे प्रयोग झाले. त्यांत दोनशेहून अधिक माणसे मेली. या प्रयोगांशीही त्याचा संबंध होता.

५/ युद्धानंतर तो न्यूरेंबर्ग येथे कैदेत होता, पण तेथील डॉक्टरांवरील खटल्यात आरोपींच्या पिंजऱ्यात तो नव्हता. १९४७ मध्ये सुटला, १९६९ मध्ये वारला. पाठ्यपुस्तकांतील त्याचे नाव मात्र अबाधित राहिले.

६/ २००७ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात एक छोटा लेख आला. हे नाव वापरण्याची ६५ वर्षांपूर्वीची सूचना मागे घेत असल्याचे त्यात जाहीर केले होते. लेखकांपैकी एक होते नव्वदी ओलांडलेले एफ्राइम एंगलमन. ज्यांनी नाव रुजवले, त्यांनीच ते परत घेतले! आज या आजाराला 'रिॲक्टिव्ह आर्थ्रायटिस' म्हणतात.

७/ हे एकच उदाहरण नव्हे. फुफ्फुसातील 'क्लारा पेशीं'चे वर्णन नाझी समर्थक माक्स क्लारा याने १९३७ मध्ये मृत्युदंड दिलेल्या कैद्याच्या ऊतींवरून केले होते. त्या आता 'क्लब पेशी' झाल्या आहेत.

८/ नाव पुसले म्हणजे इतिहास पुसला, असा आक्षेप घेतला जातो. पण 'रायटर सिंड्रोम' असे वर्षानुवर्षे म्हणणाऱ्या किती जणांना बुखेनवाल्ड ठाऊक होते? रोगाला दिलेले नाव गौरव करते, साक्ष देत नाही. रायटरचे नाव विसरू नये, हे खरेच. मात्र त्याची जागा रोगाच्या निदानात नाही, गुन्ह्याच्या नोंदीत आहे.