घरांचे भाव मोजणारा अध्यापक

गव्हाचा भाव सांगणे सोपे असते; आजचे पोते कालच्या पोत्याशी ताडून पाहता येते. घराचे तसे नाही. एक घर दुसऱ्यासारखे नसते, आणि तेच घर पुन्हा विक्रीस यावयास वर्षे लोटतात. मग घरे महागली की स्वस्त झाली, हे ठरवावे कसे? या प्रश्नाचा ध्यास घेतलेले अमेरिकन अध्यापक म्हणजे कार्ल केस (१९४६–२०१६).

हार्वर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून १९७६ साली ते वेलस्ली येथील स्त्रियांच्या महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवू लागले आणि २०१० पर्यंत तेथेच राहिले. बॉस्टन परिसरात घरांचे भाव भडकले, तेव्हा १९८६ साली त्यांनी त्याची कारणे तपासली. लोकसंख्या, उत्पन्न, बांधकामाचा खर्च, या सर्वांचा हिशेब केला तरी वाढीचा मोठा भाग उलगडेना. भाव वाढणार म्हणून लोक घर घेत होते, आणि लोक घेत होते म्हणून भाव वाढत होता!

पुढे रॉबर्ट शिलर यांच्यासह त्यांनी भावांचा निर्देशांक सिद्ध केला. निरनिराळ्या घरांची सरासरी फसवी असते. एखाद्या वर्षी मोठे बंगले अधिक विकले गेले, तर कोणतेच घर महाग न होताही सरासरी चढते. म्हणून एकच घर दोनदा विकले गेले असता दोन्ही किमती ताडून पाहावयाच्या, ही त्यांची रीत. तिची कल्पना १९६३ साली इतरांनी मांडली होती; केस आणि शिलर यांनी ती सुधारून व्यवहारात आणली.

२००३ साली या दोघांनी चार शहरांतील खरेदीदारांना प्रश्न विचारले. भाव वर्षानुवर्षे झपाट्याने चढतच राहतील, अशी अनेकांची खात्री होती. धोक्याची ही खूण दोघांनी नोंदविली. परंतु साऱ्या देशात भाव एकदम कोसळण्याचा संभव थोडा, असेही लिहून ठेविले. २००६ नंतर नेमके तेच घडले. २०१२ पर्यंत देशभरातील भाव एक चतुर्थांशाहून अधिक उतरले आणि लक्षावधी कुटुंबांची घरे कर्जापायी गेली.

अंदाज चुकला, पण माप चुकले नाही. ती घसरण किती खोल आहे, हे जगाला त्यांच्याच निर्देशांकाने दाखविले. स्वतःच्या तर्काविरुद्धही खरे बोलेल असे माप मागे ठेवणे, याहून मोठे यश अध्यापकाला कोणते हवे?