कामावर नवी संगणकप्रणाली आली आणि झोप उडाली?

१९९१ नंतर देशाची अर्थव्यवस्था खुली झाली आणि कार्यालये झपाट्याने बदलू लागली. बँकांत १९९३च्या करारानंतर संगणकीकरणाने वेग घेतला. वर्षानुवर्षे लेजर लिहिणाऱ्या हातांना कीबोर्ड शिकावा लागला. आजही नवे सॉफ्टवेअर आले की तीच धडधड सुरू होते. या ताणाला ‘टेक्नोस्ट्रेस’ म्हणतात. हा शब्द क्रेग ब्रॉड यांच्या १९८४ मधील पुस्तकामुळे रूढ झाला.

लक्षणे कोणती?
झोप न लागणे, चिडचिड, डोकेदुखी, छातीत धडधड, कामावर जाण्याची धास्ती आणि ‘मला आता जमणार नाही’ हा सततचा विचार. हा तुमचा आळस किंवा कमीपणा नाही. हातातले कसब अचानक निरुपयोगी वाटू लागले, की मन असेच घाबरते.

शरीराचाही वाटा असतो
पडद्याकडे पाहताना पापण्या कमी मिटतात, म्हणून डोळे कोरडे पडून चुरचुरतात. चाळिशीनंतर बायफोकल चष्मा असेल, तर खालच्या भागातून पाहण्यासाठी हनुवटी वर उचलली जाते आणि मान दुखते.

काय करावे?
- पडदा हातभर अंतरावर आणि नजरेच्या किंचित खाली ठेवा. बायफोकल असेल तर आणखी खाली घ्या.
- दर २० मिनिटांनी २० फुटांवरच्या वस्तूकडे २० सेकंद पाहा.
- रोज एकच नवी गोष्ट शिका आणि तिच्या पायऱ्या वहीत लिहून ठेवा.
- तरुण सहकाऱ्याला विचारायला संकोचू नका. प्रशिक्षण मागणे हा तुमचा हक्क समजा.

घरच्यांसाठी
‘एवढे साधे कसे येत नाही?’ असे म्हणू नका. शेजारी बसा, पण माउस त्यांच्याच हातात राहू द्या.

डॉक्टरांकडे कधी जावे?
दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप किंवा भूक बिघडली असेल, उदास वाटत असेल किंवा बोटांना मुंग्या येत असतील तर तपासून घ्या. थायरॉइड किंवा रक्तदाबाचा त्रासही ‘ताण’ समजला जाऊ शकतो. छातीत दुखणे, घाम, धाप ही लक्षणे ताणाची समजून घरी थांबू नका. लगेच रुग्णालय गाठा. जीव नकोसा वाटत असेल तर ‘टेली मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर कोणत्याही वेळी बोला.